भेंडीचं नाव

लंडनला लेकीकडे होते तेव्हाची गोष्ट. बाजारात भेंडी निवडत होते. शेजारी एक नायजेरियन बाई प्रत्येक भेंडीचा शेंडा मोडून पाहत होत्या. कट्‌कन मोडला की पिशवीत; नुसता वाकला की जून म्हणून परत ढिगात. माझंही तेच चाललं होतं. भाजीवाला गोरा आमच्याकडे डोळे वटारून बघत होता. आम्ही दोघी हसलो.

"तुम्हीपण हिला ऑक्राच म्हणता?" मी इंग्रजीत विचारलं.

"शब्दच आमचा आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या इग्बो भाषेतून इंग्रजांकडे गेला."

मी इतकी वर्षं तो साहेबाचाच समजत होते. त्यांच्याकडची माणसं गुलाम करून जहाजांत कोंबून नेली, पलीकडे अमेरिकेत उतरवल्यावर मालकांनी त्यांना आपल्या पसंतीची नावं दिली. भाजीचं नाव मात्र कुणी बदललं नाही. चुलीपुढे तीच माणसं होती; ती म्हणतील तेच नाव मालकाच्या ताटात येणार.

निघताना मी बाईंना त्यांचं नाव विचारलं.

"ग्रेस," त्या म्हणाल्या.