आत फक्त पदवीधर

वहिनींनी पिशवी माझ्या मांडीवर टाकली. "उद्या हे घालून ये," त्या म्हणाल्या.

आत फेटिया म्हणजे घागरा होता, काचळी म्हणजे चोळी होती, वर आरशांची ओढणी. आमच्या तांड्यातल्या बायकांचा वेश. पण तो तांड्यातून आलेला नव्हता. शाळेच्या गॅदरिंगला कपडे भाड्यानं देणाऱ्या दुकानातून आणलेला होता. नाडीला कागदाचा बिल्ला, त्यावर नंबर. आरसे प्लॅस्टिकचे. काखेत कुणाच्या तरी घामाचा पिवळा डाग.

मी म्हटलं, "वहिनी, उद्या माझं भाषण आहे. पाच मिनिटं. साहेबांनी सांगितलंय."

"भाषणं करायला माणसं खूप आहेत गं. मुंबईचे नेते येताहेत, त्यांना आपल्या भागातलं काहीतरी दिसायला हवं. तुम्ही लोक किती छान नाचता. आणि तुझ्या आईलाही आण. तांड्यातल्या आणखी चार-पाच आण. त्यांच्याकडे अस्सल असेल ना, धुऊन आणायला सांग."

प्रचार कार्यालयात तेव्हा आठ-दहा जण होते. एकानंही मान वर केली नाही.

मी सव्वीस वर्षांची होते. आर्णी तालुक्यातल्या आमच्या तांड्यातली पहिली एम.ए. विषय राज्यशास्त्र. दोन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं, मग तेही बंद झालं. तेवढ्यात विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची निवडणूक आली आणि वहिनींचे मिस्टर, म्हणजे साहेब, उभे राहिले. यवतमाळचं जुनं वकिलीचं घर. तीन पिढ्या काळा कोट. घरचीच शिक्षण संस्था. साहेब मला म्हणाले होते, "माझं काम कर, निवडून आलो की आपल्या कॉलेजात तुझी जागा पक्की."

केलं काम. या निवडणुकीत मत फक्त पदवीधराला असतं, आणि त्यासाठी वेगळं नाव नोंदवावं लागतं. मी स्कूटीवर तांडे पालथे घातले. कुणाची मार्कशीट पेटीच्या तळाशी, कुणाची कुडाला खोचलेली. ती काढायची, झेरॉक्स करायची, फॉर्म भरायचा, तहसीलला न्यायचा. शिवाय रोज सकाळी एक लेख. राज्यात कोण कुणाला फोडतंय, सरकार कुणाच्या खिशात बसलंय, आपलाच पक्ष कसा शेवटची आशा आहे. नाव साहेबांचं, लिहिणारी मी. आणि मी खोटं लिहीत नव्हते. माझा विश्वास होता.

एक लेख मात्र सांगितलाच पाहिजे. समोरचा उमेदवार वणीचा निवृत्त हेडमास्तर. बाप कोळशाच्या खाणीत राबलेला. सभेत तो मले-तुले असं बोलायचा. साहेब म्हणाले, "याच्या भाषेवर घे."

मी घेतलं. ज्याला स्वतःच्या तोंडातले शब्द धुता येत नाहीत, तो सभागृहात काय बोलणार, असं लिहिलं. तो लेख सगळ्यात जास्त फिरला. कार्यालयात मोठ्यानं वाचला गेला. सगळे हसले. मीही हसले. माझी याडी, म्हणजे आई, मराठी बोलते तेव्हा मलेच म्हणते. ते मला तेव्हा आठवलं नाही. किंवा आठवलं आणि मी दाबलं.

तर पिशवी. मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. पक्की जागा डोळ्यांसमोर होती. मी याडीला फोन केला.

दुसऱ्या दिवशी दहाला तांड्यातल्या पाच बायका जीपमधून मंगल कार्यालयासमोर उतरल्या. याडी सगळ्यात पुढे. आता ती रोज साडीच नेसते. माझ्यासाठी म्हणून तिनं पेटीतला स्वतःचा फेटिया घातला होता, हस्तिदंती बांगड्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या चढवल्या होत्या, कोपरापर्यंत. मी भाड्याच्या वेशात. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "हे कोनाचं घातलं वं?"

नेते बाराला येणार होते. आले अडीचला. तोवर आम्ही फाटकाबाहेर, उन्हात. मी एकदा पाण्यासाठी आत निघाले तर दारावरच्या कार्यकर्त्यानं हात आडवा केला. यालाच मी महिनाभर मतदारयाद्या समजावून दिल्या होत्या.

"ओळखलं नाहीस का?" मी विचारलं.

"ओळखलं न ताई. पन नाचनाऱ्यायले बाहेरच ठेवा म्हने वहिनी. आत फक्त पदवीधर."

त्यानं दोन बाटल्या आणून दिल्या. सहा जणींत दोन.

गाड्या आल्या. ढोल वाजला. याडीनं फेर धरला. तिच्या गुडघ्यांत पाणी होतं, डॉक्टरनं जिना चढू नको म्हटलेलं. ती नाचली. नेते थांबले. त्यांनी तिच्या हनुवटीला बोट लावून चेहरा कॅमेऱ्याकडे वळवला, बाजारात गुराचं तोंड वळवतात तसा. मागून वहिनी म्हणाल्या, "ही अस्सल आहे हं. पोरीचा वेश भाड्याचा." सगळे हसले. नेते आत गेले. ढोल चालूच, म्हणून याडीही चालूच. थांबा असं कुणी तिला सांगितलं नव्हतं.

मी ढोलवाल्याचा हात धरला. "बस," म्हटलं. मग दारातल्या त्या कार्यकर्त्याला बाजूला सारून आत गेले.

साहेब माईकवर होते. वाचत होते. पहिलंच वाक्य ऐकलं आणि ओळखलं. माझं पाच मिनिटांचं भाषण. तांड्यातली मुलगी शिकते तेव्हा काय काय मागे सोडून येते, हे मी लिहिलं होतं. ते आता साहेबांच्या तोंडून, साहेबांच्या आवाजात येत होतं. फक्त 'मी'च्या जागी 'आमच्या तांड्यातली एक भगिनी' झालं होतं.

मी तिसऱ्या रांगेत रिकाम्या खुर्चीवर बसले. शेजारचा प्राध्यापक म्हणाला, "बाई, इथं पदवीधरांनी बसायचंय."

"मी पदवीधर आहे. यादीत नाव आहे माझं."

आवाज मोठा निघाला असणार. साहेब थांबले. वरून पाहिलं आणि माईकवरच म्हणाले, "बसू द्या तिला, आपलीच आहे. अगं, वर ये. होऊन जाऊ दे एक नाच."

टाळ्या.

मी उठले. वर गेले नाही. म्हटलं, "मी नाचणार नाही. तुम्ही वाचताय ते मी लिहिलंय. तुमचे महिनाभराचे सगळे लेखही मीच लिहिलेत."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. एक क्षण मला वाटलं, झालं, आता हा माणूस पडला. साहेब हसले. म्हणाले, "ऐकलंत? आमच्या पक्षात तांड्यातल्या मुलीसुद्धा लेख लिहितात. विरोधकांकडे आहे का असं कुणी?"

पहिल्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या. नेत्यांनीही वाजवल्या.

एवढं क्रूर मला दुसरं काही ठाऊक नाही. शिवी दिली असती तर मी ती घेऊन जगले असते. त्यांनी माझा नकारही वापरून घेतला.

मी बाहेर आले. याडी फाटकाच्या कठड्यावर गुडघा चोळत बसली होती. मी सगळं सांगितलं. ती आमच्या बोलीत बोलली, ते इथं मराठीत सांगते. "मी तुझ्या नोकरीसाठी नाचले. तू थांबवलंस. म्हणजे माझं नाचणंही वाया गेलं." परतायला जीप नव्हती; एसटीत ती माझ्यापासून दूरच्या बाकावर जाऊन बसली.

आठवड्यानं मी वणीला गेले. हेडमास्तरांना म्हटलं, तुमच्या भाषेवरचा तो लेख माझा होता. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मले वाटलं, कोन्या शहरातल्या मानसानं लिहिलं असंन." चहा विचारला नाही. मी माफी मागितली. त्यांनी दिली नाही. बरोबरच होतं त्यांचं.

मतदानाला मी जांभळ्या पेनानं हेडमास्तरांच्या नावापुढे पहिल्या पसंतीचा एक आकडा लिहिला. साहेब निवडून आले. मी नोंदवलेल्या नावांतली बरीच मतं त्यांनाच गेली असतील. कॉलेजातली ती जागा वहिनींच्या भाच्याला मिळाली. याडीचं आता डाव्या पायावर वजन पडत नाही. कापूस वेचायला जाते तर बसून सरकते.

कार्यालयातून अजून फोन येतात. ताई, राग सोडा, साहेबांना तुमच्याबद्दल आदर आहे. मी फोन ठेवते.

या मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला कोऱ्या कागदापासून होते. जुनी नावं रद्द. उमेदवाराला तीस पूर्ण लागतात; पुढच्या वेळी मला बत्तीस असतील. मी उभी राहणार आहे. साहेबांच्या पक्षातून नाही, त्यांच्याविरुद्ध. साडी नेसून, मले-तुले बोलत. लोकांचे नोंदणीचे फॉर्म भरताना या वेळी मी प्रत्येकाला सांगेन की मी हरू शकते. तरी उभी राहणार. माझं भाषण मी वाचणार. ते दुसऱ्या कुणाच्या हातात मी पुन्हा देणार नाही.