हरणाच्या गळ्यातला रेडिओ

हॉस्पिटलच्या कारपार्कमध्ये उतरल्या की बाई आधी बोट ओलं करून हवेत धरायच्या. वारा कुठून येतोय ते बघायला. भूल देणाऱ्या डॉक्टरला वाऱ्याशी काय करायचंय, असं तुम्हालाही वाटेल. साउथहॅम्प्टनला मी नवीन होते, बाई माझ्या सीनियर. त्यांनीच सांगितलं, "रविवारी हरणाच्या शिकारीला जाते. सवय लागलीय."

त्या मूळच्या कोल्हापूरकडच्या. बंदूक वडिलांनी शिकवलेली. इथे रीतसर लायसन काढून त्या एका शिकारी ग्रुपच्या मेंबर झाल्या होत्या. ग्रुपने शहराबाहेरचं एक जंगल भाड्याने घेतलं होतं. बाई म्हणून आणि इंडियन म्हणूनही तिथे त्या एकट्याच.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत एका गृहस्थांनी विचारलंच, "डॉक्टर असून जीव घेता?"

"तुम्ही लॅम्ब खाता ना? तुमच्यासाठी तो जीव दुसरा कोणीतरी घेतो. मी स्वतः घेते, आणि बऱ्याचदा हात हलवत परत येते."

मग मोदकांचं ताट बाईंकडे वळेना. त्यांनी उठून स्वतःच वाढून घेतले.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एका रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले, नुसती बघायला. त्या जंगलातल्या काही हरणांच्या गळ्यात रेडिओ कॉलर होत्या, सिग्नल सोडणारे पट्टे. ती कुठे कुठे फिरतात याचा अभ्यास युनिव्हर्सिटीतली एक मुलगी करत होती. ग्रुपच्या इंग्रज सेक्रेटरीने तो सिग्नल पकडणारा, तिच्याकडे होता तसलाच एक रिसीव्हर कुठूनसा पैदा केला होता. गाडीजवळ उभं राहून त्याने एरियल फिरवली. टिक, टिक, टिक.

"मोठा नर आहे," तो हसला. "आज पायपीट नाही."

बाईंनी रायफल परत केसमध्ये ठेवली. "मला हे मान्य नाही."

"दुर्बीण चालते, मग हे का नाही?"

"मी दुर्बिणीतून बघते तेव्हा त्यालाही माझा वास येऊ शकतो. तो निसटू शकतो. हा पट्टा गळ्यात घेऊन कुठे निसटेल? आणि पट्टा त्या मुलीने अभ्यासासाठी घातलाय, तुमच्यासाठी नाही."

सेक्रेटरी गेला. गोळीचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने तो रिकामाच परतला. हरीण जखमी होऊन झाडीत पळालं होतं. "मरेल आपोआप," म्हणत त्याने चहाचा फ्लास्क उघडला.

बाईंनी त्याच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला.

"आत्ता तर मान्य नव्हता," तो म्हणाला.

"मारायला मान्य नव्हता. तडफडत ठेवणं त्याहून मान्य नाही."

मी एरियल धरली, बाईंनी रायफल. कमरेएवढ्या ओल्या नेच्यांतून आम्ही टिकटिकीच्या मागे गेलो. ओढ्याकाठी ते बसलं होतं, पसरट शिंगं जमिनीला टेकलेली. बाईंनी एकच गोळी झाडली. मग गुडघ्यांवर बसून कॉलर सोडवली.

दुसऱ्या दिवशी कॉलर त्या मुलीला देऊन त्यांनी सगळं सांगून टाकलं. ग्रुपने त्यांना बोलावून घेतलं. हरीण योगायोगाने सापडलं असं म्हणा, मेंबरशिप राहील, असं सांगितलं. "योगायोगाने काहीच झालं नाही," म्हणून बाई उठल्या. जंगल सुटलं.

सेक्रेटरीचा रिसीव्हर मात्र चालूच होता. युनिव्हर्सिटीला उरलेल्या कॉलर काढायला वसंत उजाडणार होता.

"त्या जंगलातून पब्लिक फुटपाथ जातो, कोणीही चालावं अशी पायवाट," बाई मला म्हणाल्या. "आणि तुझा आवाज चांगला खणखणीत आहे."

हिवाळाभर दर रविवारी आम्ही त्या फुटपाथवरून मोठमोठ्याने मराठीत बोलत फिरलो. लंडनमधल्या वेम्बलीहून आणलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी का तुटते, यावर. झाडीत खसफस व्हायची, पांढरी ढुंगणं उडवत हरणं दिसेनाशी व्हायची. सेक्रेटरी तणतणत आला.

"रस्ता सार्वजनिक आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "आम्ही भाकरीबद्दल बोलतोय."

दुसरं जंगल त्यांना कोणी दिलं नाही. त्यांनी मागितलंही नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात बाई गेल्या. त्याआधीच्या हिवाळ्यात, आजारी असताना, त्यांनी मला शेवटचं तिकडे न्यायला लावलं. वळणावर एक नर ऐन फुटपाथवर येऊन उभा राहिला. मला खोकल्याची उबळ आली. बाईंनी नजर न हलवता माझ्या तोंडावर हात दाबून धरला, आणि ते हरीण आपल्या सवडीने निघून जाईपर्यंत काढला नाही.