आईचे जंतू, बाबांचं सिमेंट

माझी आई जंतू पाळते. आपण मांजर पाळतो म्हणावं, तितक्या सहज ती हे सांगते. कारखान्यांच्या धुराड्यांतून पकडलेला कार्बन डायऑक्साइड आमच्या गावाबाहेर खोल खडकात कोंडून ठेवतात. जुन्या तेलविहिरींच्या बारीक भेगांतून तो वर येऊ नये, म्हणून आई प्रयोगशाळेत जंतू वाढवते. ते युरिया खातात आणि भेगेत चुनखडीचा थर धरतात. खाताना अमोनिया सोडतात. त्याचा वास आईच्या कोटाला इतका लागतो की बाबा तो घरात येऊ देत नाहीत. कोट मागच्या दाराबाहेर खिळ्यावर.

"माझ्यापेक्षा त्यांचंच जेवण वेळेवर असतं," असं बाबा कुरकुरायचे. ते खरंही होतं.

मग एक विहीर गळू लागली, आणि ती नेमकी बाबांची निघाली. तेल संपल्यावर ती सिमेंटने बुजवणाऱ्या माणसांचे मुकादम तेच होते. कुणी त्यांना बोल लावला नाही. जुन्या सिमेंटला तडे जातातच. पण बाबांनी ते मनाला लावून घेतलं. अर्ध्या जेवणावरून उठायला लागले. भेगा बुजल्या नाहीत, तर कंपनीचे लोक यंत्र लावून त्यांचं सिमेंट फोडून काढणार होते.

आईने विहिरीत जंतू सोडले.

"आता युरिया सोड की लगेच," बाबा म्हणाले.

"आधी त्यांना भिंतीला चिकटू द्या. घाई केली तर वर नळीतच दगड होऊन बसेल."

खालच्यांना सांभाळायचं आणि घरातल्या एकाला धीर द्यायचा, दोन्ही तिच्याच गळ्यात. मला तिची फार माया यायची.

यथावकाश युरियाही गेला. दाब देऊन बघायच्या दिवशी ती बाबांना सोबत घेऊन गेली. मीही गेले. दाबमापकाचा काटा चढला, थांबला आणि दुपार कलली तरी जागचा हलला नाही.

"जिंकले तुझे जंतू," बाबा म्हणाले. "माझं सिमेंट काही टिकलं नाही."

"अहो, मग ते चिकटले कशावर? पोकळीत त्यांना काही जमत नाही. धरायला भिंत लागते. ती तुमचीच आहे."

घरी आल्यावर आई सवयीने कोट घेऊन मागच्या दाराकडे निघाली. बाबांनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि आतल्या खुंटीवर, आपल्या जुन्या हेल्मेटशेजारी लावला. घरभर वास सुटला. ते जेवायला बसले आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.