लांब नळीचं मशीन

वस्तू पारखून घेण्यात माझ्या धाकट्या जावेचा हात धरणारी बाई नागपुरात झाली नाही, आणि झाली असेल तर तिच्या घरच्यांचं कसं निभलं देव जाणे. माठ घ्यायचा तर ही कुंभाराकडचे वीस-पंचवीस माठ टिचक्या मारून वाजवायची आणि शेवटी पहिलाच उचलायची. छत्री घेतली तेव्हा ती उघडून दुकानदाराच्या डोक्यावर धरली आणि वरून बादलीभर पाणी ओतायला लावलं. गादी घ्यायला गेली तर डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटून तिच्यावर इतका वेळ निपचित पडली की दुकानदारानं घाबरून तोंडावर पाणी मारलं. ही उठून म्हणाली, "पाणी मुरलं पाहा. कापूस चांगला नाही."

मी हे कौतुकानं सांगते असं कोणी समजू नये. मी तिच्यावर जळायची. ती मॅट्रिक, मी चौथी. महाल भागात आमची दोन बिऱ्हाडं एकाच घरात, मध्ये फक्त एक उंबरा. गल्लीतल्या बाया पत्र वाचायला, औषधाची बाटली ओळखायला यायच्या त्या माझ्या दारावरून पुढं जायच्या. वयानं मोठी मी, पण "धाकटीले विचारा" हेच सगळ्यांच्या तोंडी. माझे यजमानही तेच म्हणायचे. ते मला जास्त लागायचं.

तरी गंमत अशी, की या माझ्या यजमानांशी ती लग्न झाल्यापासून एक शब्द बोललेली नव्हती. ते तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे जुन्या बाया भासऱ्यासमोर बसत नसत, सरळ बोलत नसत, अंगाला हात लागणं तर सोडाच. सासूबाई गेल्या, दिवस बदलले, गल्लीतल्या पोरी सायकलवरून कॉलेजात जाऊ लागल्या, पण हिनं काही सोडलं नाही. काही सांगायचं झालं की माझ्यामार्फत. एकदा यजमान ओसरीवर पेपर वाचत होते आणि धोतरावर विंचू चढत होता. ही दाराआडून ओरडली, "जाऊबाई, त्याईले म्हणा, धोतरावर विंचू हाय!" मी मागं अंगणात भांडी घासत होते. मी येईपर्यंत यजमान धोतर तिथंच टाकून गल्लीत पोहोचले होते. आणि ही भिंतीकडं तोंड करून मला विचारते, "सांगितलं का जी तुम्ही?"

पुढं यजमानांना प्रेशर निघालं. दवाखान्याची पायरी चढली की त्यांचं प्रेशर आणखी चढायचं, म्हणून डॉक्टर म्हणाले, मशीन घ्या आणि रोज सकाळी घरीच बघा. मुलं नोकरीला बाहेरगावी. मी म्हटलं, मी बघते. यजमान म्हणाले, "तुले काय समजते त्यातलं? धाकटीले सांग." धाकटी दोन दिवस दवाखान्यात जाऊन कंपाउंडरकडून शिकून आली, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी सायकलरिक्षानं बर्डीच्या बाजारात मशीन घ्यायला गेलो.

दुकानदारानं दोन प्रकार दाखवले. एक घड्याळासारख्या तबकडीचं, लहान, पट्ट्यालाच अडकवायचं. दुसरं पाऱ्याचं, डब्याचं झाकण उघडलं की उभी काचेची नळी. तो म्हणाला, घरासाठी घड्याळवालंच घ्या, फुटायची भीती नाही. हिनं ते हातात घेतलं, मग मला म्हणाली, "जाऊबाई, हे दंडावर टांगलेलं राहील. आकडा पाहायले मले त्याईच्या अंगाशी जावं लागेल." म्हणून पाऱ्याचं. पाऱ्याची कांडी लांबून दिसते. पण कानातली नळी हातभरच. ही म्हणाली, मला चार हात पाहिजे.

"बाई, एवढी लंबी नळी लावली तर आवाज कमी येईल," दुकानदार म्हणाला.

"माह्या कानाले येते."

मग काय, तिनं दुकानदाराच्या दंडाला मलाच पट्टा बांधायला लावला, कानातल्या नळीला आणि हवा भरायच्या फुग्याच्या नळीला जादा नळी जोडून घेतली, आणि स्वतः दुकानाच्या बाहेरच्या पायरीवर रस्त्याकडं तोंड करून बसली. रिक्षांच्या घंट्या, भाजीवाल्याची आरोळी, आणि ही कानात नळ्या घालून, मान तिरकी करून पारा बघते. लोक जमले. तिनं हात वर केला, सगळे गप्प झाले. "दादा, तुमचं दीडशेच्या वर हाय. तर्री कमी खात जा." दुकानदारानं पुन्हा स्वतः मोजलं, तेवढंच भरलं. त्यानं मशीन मुकाट्यानं बांधून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आमच्या घरी ते नाटक. यजमान खाटेवर. उंबऱ्यावर स्टूल, स्टुलावर पारा. उंबऱ्याच्या पलीकडं ही, डोक्यावर पदर, पदरातून दोन नळ्या कानात. पट्टा मी बांधायचा, कोपराच्या खोबणीत कानातल्या नळीच्या टोकाची चकती मी दाबून धरायची. "जाऊबाई, त्याईले म्हणा, हात सैल सोडा." यजमान तिथंच, सगळं ऐकू येतं, तरी मी म्हणायचं, हात सैल सोडा. ते मला म्हणायचे, "तिले सांग, सोडला." मग ही फुगा दाबायची आणि पाऱ्यावर डोळे लावून ऐकायची. हात मी धरायचा, ऐकायचं तिनं. आकडा आला की ती तो वहीत लिहायची आणि यजमान जन्मात माझ्या स्वयंपाकाकडं बघून हसले नसतील तसे त्या वहीकडं बघून हसायचे. गल्लीभर झालं, धाकटीनं भासऱ्याले सांभाळलं. मला एकदा वाटलं, नळीवर पाय ठेवावा. एकदा ठेवलाही.

चार वर्षं असं चाललं. मग वहीत रोज तोच आकडा येऊ लागला, एकशे चाळीस, नव्वद. यजमान म्हणायचे, झकास. आणि एका सकाळी मोरीकडं जाताना भिंत धरून खाली बसले. डॉक्टर घरी आले, स्वतः मोजलं, दोनशेला टेकलं होतं. त्यांनी वही पाहिली आणि विचारलं, "हे कोण लिहितं?" सुई दिली, गोळ्या वाढवल्या, म्हणाले थोडक्यात निभावलं.

ते गेल्यावर मी उंबरा ओलांडून तिच्या खोलीत गेले. ती चुलीजवळ बसली होती. म्हणाली, "दोन महिने झाले, जाऊबाई. मले आवाजच येत नाही. नळीतलाही नाही, दारावरच्या कडीचाही नाही. तुमचं बोलणंही तोंडाकडं पाहून समजते."

"मग काहून नाही सांगितलं वं? माणूस हातचा गेला असता माझा!" मी जवळ जाऊन, तोंड उघडून मोठ्यानं म्हटलं.

"सांगितलं असतं, तर सकाळी मले कोणी बोलावलं असतं?"

चार वर्षं मी जे बोलायचं ठरवून ठेवलं होतं ते सगळं तेव्हा बोलता आलं असतं. मी एवढंच म्हटलं, उद्या मला शिकव.

दुसऱ्या दिवशी तिनं उंबऱ्यापलीकडून नळ्या दिल्या आणि मी कानात घातल्या. मी खाटेशीच बसले होते, म्हणून ती चार हात नळी माझ्या मांडीवर वेटोळं होऊन पडली. "पहिला ठोका आला की पारा पाहा," ती म्हणाली, "ठोका गेला की पुन्हा पाहा." मी फुगा दाबला, हळूहळू हवा सोडली. आधी काहीच नाही. मग आला.

चाळीस वर्षं मी त्या माणसाचं सगळं ऐकलं होतं, खोकला, घोरणं, शिव्या. हे नव्हतं ऐकलं. कोणी आतून सावकाश दार ठोठावावं तसं. ठोका गेला तेव्हा पारा बघायचा राहून गेला, म्हणून मी पुन्हा फुगा दाबला. मग पुन्हा.

"काय ऐकून राहिली वं एवढं?" यजमान म्हणाले.

"चूप बसा."

उंबऱ्यापलीकडं ती पेन्सिल घेऊन माझ्या तोंडाकडं बघत होती. मी आकडा सांगितला, तिनं लिहिला. आवाजाबद्दल तिनं काही विचारलं नाही. चार वर्षं रोज सकाळी तो तिनं ऐकला, आणि कसा असतो ते मला एकदाही सांगितलं नाही. तिच्या जागी मी असते, तर मीही सांगितलं नसतं.