क्रेटचा वरचा थर

आमच्या पिंपळवंडीत टोमॅटोचा क्रेट भरायची एक रीत आहे. बारके, डागाळलेले खाली. लालबुंद, एकसारखे वर. व्यापारी खालपर्यंत हात घालतोच, तरी रीत सुटत नाही. वडील तसं भरत नसत. ते सायकलवरून पत्रकं वाटत, बाजारातल्या लुटीविरुद्ध. चुलते म्हणायचे, “तुझ्या पत्रकाला मार्केटात कोण विचारतंय राव?”

मी पुण्यात पीएचडीला गेले तेव्हा वाटलं, प्रयोगशाळेत क्रेट नसतील.

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ पापुद्रा. इरिडियम या धातूवर तो वाढवला की त्याच्यावर नक्षी उठते आणि तिच्या ठरावीक जागी प्लॅटिनमच्या मोजक्या अणूंचे पुंजके बसतात. गाडीचा विषारी धूर निवळवणारा खरा उत्प्रेरक फार गुंतागुंतीचा, म्हणून अभ्यासाला हा साधा नमुना. सूक्ष्मदर्शकात पुंजके वाफ्यातल्या रोपांसारखे ओळीत दिसले. मग मी कार्बन मोनॉक्साइड सोडला. ज्या वायूवर त्यांनी काम करायचं, तो लागताच पुंजके जागा सोडून एकमेकांत मिसळले.

आमचे मार्गदर्शक दर सोमवारी वैज्ञानिक दृष्टिकोनावर बोलत. ते म्हणाले, “पहिलं चित्र सुंदर आहे. लेखात तेच घालू.”

“आणि वायूनंतरचं, सर?”

“ते गचाळ आहे. परीक्षकाच्या हातात काठी कशाला द्यायची?”

लेखाच्या नावात ‘स्थिर’ हा शब्द होता. माझी पदवी त्या लेखावर अडली होती.

सुट्टीत घरी क्रेट भरता भरता चुलत्यांना सांगितलं. “मग घाल की वरचं. समदेच घालत्यात.”

“काका, तुमच्या क्रेटात व्यापारी हात घालतो. माझ्या क्रेटात कोण घालणार?”

“मग तर लई सोपं हाय पोरी!” ते हसले. निदान त्यांनी कधी दृष्टिकोनावर भाषण दिलं नव्हतं.

वडील तिथेच बसून आपला क्रेट भरत होते. एक डागाळलेला टोमॅटो त्यांनी वरच्या थरात ठेवला.

परत जाऊन मी सरांना कळवलं: दोन्ही चित्रं जातील, नाहीतर माझं नाव काढा. त्यांनी नाव काढलं. चित्र ठेवलं, वरच्या थरातलं.

मग मी दुसरं चित्र छापलं, खाली तापमान आणि वायूचा दाब लिहिला आणि विभागाच्या फलकावर लावलं. दुपारपर्यंत कुणीतरी फाडलं.

पत्रकवाल्याची पोरगी एकच प्रत काढते, असं फाडणाऱ्याला वाटलं असावं.