धावपट्टी ओलांडताना

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेला आमच्या माळावरचा विमानतळ कधीच ओस पडलाय. धावपट्टीच्या भेगांतून आता कुसळी गवत उगवतं. परवा मी तिथे हिंडत होतो, तेव्हा शेळ्या घेऊन निघालेल्या एक मावशी धावपट्टीच्या कडेला थबकल्या. मान वर करून त्यांनी सगळं आभाळ न्याहाळलं आणि मगच शेळ्या पलीकडे हाकल्या.

"मावशी, वर काय बघितलंत?"

"काय म्हाईत, बाबा. सासू बघायची, म्हणून म्याबी बघती."

विमानं गेली, त्यांना भिणारी माणसंही गेली. ती भीती मात्र अजून या मावशींच्या मानेत जिवंत होती!

परतताना मीही कडेला थांबून वर पाहिलं. एक घार तरंगत होती. ती दूर जाईपर्यंत माझं पाऊल उचललं नाही.