तीन रात्रींचा कायदा

हणमंतप्पाला राग यायला फारसं निमित्त लागत नसे. अणदूरच्या बाहेर, सोलापूरहून हैदराबादेकडं जाणाऱ्या सडकेला लागून डाक बंगला होता, त्याचा तो चौकीदार. आधी बाप चौकीदार होता, त्याच्यामागं हा. दोन खोल्या, पुढं व्हरांडा, मागं सुटा बावर्चीखाना, विहीर, आणि आवाराच्या कोपऱ्यात चौकीदाराची एक खोली. त्या खोलीत तो आणि त्याची बायको शरणम्मा राहत. साहेब लोक येत, एखादी रात्र काढत, पाणी कढत नाही म्हणून ओरडत आणि निघून जात. ते गेले की हणमंतप्पा त्यांच्यावर ओरडे.

व्हरांड्यात उर्दूत लिहिलेली नियमांची पाटी होती. ती त्याला वाचता येत नव्हती, पण बापानं पाठ करून घेतली होती. कुणीही तीन रात्रींच्या वर राहायचं नाही. दौऱ्यावरचा सरकारी साहेब आला की बाकीच्यांनी, दुसरी खोली मोकळी असली तरी, खोली खाली करायची. निजामाचं राज्य गेलं, झेंडा बदलला, पाटी तिथंच राहिली. कायदा बदलल्याचं कुणी सांगितलं नाही, म्हणजे कायदा तोच, असा त्याचा हिशेब.

पन्नास सालच्या उन्हाळ्यात तहसीलदाराची जीप बंगल्यात आली आणि तिच्यातून दोन बाया उतरल्या. एक शामलाबाई, चाळिशीच्या, तुळजापूरच्या एका कारकुनाची मुलगी. दुसरी वनमाला, विशीबाविशीची नर्स. दोघी मदत समितीच्या. रझाकारांच्या दिवसांत एकांची माणसं मेली, पोलीस ॲक्शननंतर दुसऱ्यांची मेली. बाया आणि लेकरं दोन्हीकडची मागं राहिली होती. त्यांना धान्य द्यायचं, औषधपाणी बघायचं, हाताला शिवणकाम शिकवायचं, असं या दोघींचं काम.

"यांची इथं सोय करा," तहसीलदार म्हणाला.

"किती दिस?" हणमंतप्पानं विचारलं.

"काम संपेपर्यंत."

"काम कवा संपणार?"

यावर तहसीलदारानं शामलाबाईंकडं पाहिलं, शामलाबाईंनी सडकेकडं पाहिलं.

"साहेब, कागद?"

"कागद मागून येईल."

कागद आला नाही. जीप मात्र लगेच गेली.

या दोघी गावात का राहिल्या नाहीत, हे हणमंतप्पाला हळूहळू समजलं. आधी त्या जवळच्याच एका गावात पाटलाच्या माडीवर राहत. माडीवर मुसलमानांच्या बाया चढत नसत. म्हणून त्यांनी मुसलमानांच्या आळीत खोली घेतली, तर तिथं हिंदूंच्या बाया येईनात. आणि एका संध्याकाळी खोलीच्या पत्र्यावर दगड आले. हिंदूंच्या गल्लीतून आले की मुसलमानांच्या, याचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. दाराला आतून कडी नव्हती. दोघींनी शिलाई मशीन दाराला लावून त्यावर पाठ टेकवली होती.

हे ऐकून शरणम्माच्या डोळ्यांत पाणी आलं. हणमंतप्पा म्हणाला, "समदं खरं हाय. पण तीन रात्री म्हंजे तीन रात्री."

चौथ्या सकाळी तो खोलीपुढं येऊन उभा राहिला. "बाई, तीन रात्री झाल्या."

"मग आम्ही कुठं जायचं?" शामलाबाईंनी विचारलं.

हे काही पाटीवर लिहिलेलं नव्हतं. त्यानं बराच वेळ डोकं खाजवलं आणि तोड काढली. सगळं सामान व्हरांड्यात आणायचं, रजिस्टरात खोली सोडल्याची सही करायची, तो कुलूप घालणार. मग पुन्हा कुलूप काढायचं, नव्यानं नाव लिहायचं, सामान आत. दोन वळकट्या, एक ट्रंक, स्टोव्ह, औषधांची पेटी आणि ते शिलाई मशीन. मशीनचं एक टोक त्याला धरावं लागे, दुसरं शामलाबाईंना.

"हणमंतप्पा, हे कुणासाठी करतोय आपण?" त्या धापा टाकत विचारीत.

"कायद्यासाठी."

"कायद्याला सांगा एकदा मशीन उचलायला."

दर चौथ्या सकाळी हे चाले. वर दौऱ्यावर साहेब आला की दोघींची रवानगी बावर्चीखान्यात. तिथं विंचू निघत. साहेब गेला की परत आत. एका पावसाळ्यात तर लागोपाठ पाच साहेब आले. वनमाला म्हणाली, माझं लग्न झालं तरी माहेर-सासर एवढं करावं लागणार नाही.

शामलाबाईही काही गरीब गाय नव्हत्या. खोलीला आतून चांगली कडी हवी. खिडकीला गज हवेत. मच्छरदाणी अडकवायला खुंट्या हव्यात. न्हाणीला आडोसा हवा.

"बाई, मोठमोठे साहेब ऱ्हाऊन गेले हितं. कुणी काय बोललं न्हाय."

"ते एक रात्र राहतात. मला इथं जगायचंय."

हे ऐकून तो जास्तच चिडे. चिडून सुताराकडं जाई आणि कडी बसवून घेई. गज लोहाराकडून आले. खुंट्या त्यानं स्वतः ठोकल्या. मग समोरच्या व्हरांड्यात कपडे वाळत घातलेले दिसले आणि पुन्हा डोकं फिरलं. आवारातल्या लिंबाखाली रोज दहा-वीस बाया येऊन बसत, लेकरं विहिरीच्या काठावर चढत, चिंध्या वाऱ्यानं सगळीकडं उडत. तो झाडू घेऊन पाठीमागं फिरे आणि बडबडे. बायांना त्याची भीती वाटेनाशी झाली, याचाही त्याला राग.

शामलाबाईंनी राहायच्या जागेसाठी अर्ज केले. मदत समिती म्हणाली, जागा देणं हे सरकारचं काम. तहसील म्हणाली, बंगला आमच्याकडं नाही. बंगल्याच्या खात्यानं कळवलं की मदतकार्य आमच्याकडं येत नाही. प्रत्येक उत्तर त्या हणमंतप्पाला वाचून दाखवीत. तो ऐकून घेई आणि म्हणे, "ह्यांना एक दिस मशीन उचलायला लावा." एकदा मदत समितीचे एक पुढारी पाहणीला आले. दोघी त्या दिवशी नेमक्या बावर्चीखान्यात होत्या. पुढाऱ्यांनी धुरानं काळ्या झालेल्या भिंती पाहिल्या, हात जोडले आणि बायांपुढं भाषण केलं की अशा त्यागातूनच देश उभा राहतो.

"त्याग मी केलेला नाही," त्यांची मोटार गेल्यावर शामलाबाई म्हणाल्या. "मला एक धड खोली द्या. मी दुप्पट काम करीन. यात त्याग कुठून आला?"

हणमंतप्पानं झाडू उचलला आणि बावर्चीखान्याच्या भिंती झाडायला घेतल्या.

एक्कावन्न सालच्या दिवाळीनंतर वनमालाला हिवताप झाला. चार दिवस कोयनेलच्या गोळ्या चालू होत्या तरी ताप उतरेना. ती गोधड्यांखाली कुडकुडत होती. खोली बदलायची चौथी सकाळ आली. हणमंतप्पा दारापर्यंत आला, आत डोकावला, आणि मशीनला हात न लावता रजिस्टर शामलाबाईंपुढं धरलं. "दोन्ही सह्या करून टाका," म्हणाला, आणि तोंड फिरवून उभा राहिला.

त्याच दिवशी दुपारी दोन मोटारी आल्या. एक साहेब, त्याचे तीन मित्र, बंदुका. माळावर काळवीट मारायला आले होते. साहेबानं दोन्ही खोल्या मागितल्या.

"एका खोलीत आजारी माणूस हाय, साहेब."

"मागच्या खोपटात हलव."

शामलाबाईंनी आतून ऐकलं. त्यांनी वाकून ट्रंकेचा कान धरला आणि ती दाराकडं ओढायला लागल्या. नेहमीच्या सवयीनं, भांडण न करता. ते बघून हणमंतप्पाच्या अंगाची लाही झाली. ही बाई कडीसाठी भांडली, खुंटीसाठी भांडली, आणि आता गप ट्रंक ओढते?

"ठिवा ती ट्रंक खाली!" तो ओरडला.

मग साहेबाकडं वळला. "साहेब, दौऱ्याचा कागद दावा."

"काय?"

"सरकारी कामावरचा साहेब आसंल तर खोली खाली करायची. पाटीवर लिवलंय. काळवीट मारणं सरकारी काम आसंल तर तसा कागद आसंल. दावा, म्या आत्ता करतो खाली."

साहेबाचे मित्र एकमेकांकडं बघू लागले. एकाला हसू आलं, त्यानं ते खोकल्यात दाबलं. साहेबानं हणमंतप्पाचं नाव विचारलं, बापाचं विचारलं. हणमंतप्पानं दोन्ही खणखणीत सांगितली आणि वर सांगितलं की दुसरी खोली मोकळी हाय, पाणी तापवतो. मोटारी सोलापूरच्या वाटेनं गेल्या.

शरणम्मा कपाळाला हात लावून बसली. "नोकरी गेली म्हणायची. घर बी गेलं."

"गेलं तर गेलं," तो म्हणाला, पण त्या रात्री जेवला नाही.

पंधरा दिवसांनी चौकशी आली. परक्या लोकांना बंगल्यात दीड वर्ष ठेवलं, असा आरोप. चौकशीच्या कारकुनानं रजिस्टर उघडलं. तीन रात्री, सोडली. तीन रात्री, सोडली. पानांमागून पानं तेच. कारकून चक्रावला.

"हे काय आहे?"

"कायदा हाय," हणमंतप्पा म्हणाला. "म्या कुणाला तीन रात्रीच्या वर ठिवलं न्हाय."

कारकुनानं शामलाबाईंना बोलावलं. त्यांनी त्याला शिलाई मशीन दाखवलं, बावर्चीखाना दाखवला, तापातून उठलेली वनमाला दाखवली, आणि आलेल्या सगळ्या उत्तरांची चळत त्याच्या हातात दिली. तो बिचारा भला होता. त्यानं लिहिलं की चौकीदाराचा दोष नाही, पण या बायांना राहायला जागा दिल्याशिवाय बंगला मोकळा होणार नाही. बंगला मोकळा होणार नाही, हे वाक्य वरच्या लोकांच्या मनावर परिणाम करून गेलं. वर्षभरात आवाराच्या पूर्वेच्या कोपऱ्यात दोन खोल्या, न्हाणी आणि पडवी मंजूर झाली.

बांधकामावर हणमंतप्पानं गवंड्याला जेरीस आणलं. खिडकी एवढी खाली कशाला, बाहेरून कुणी बी हात घालंल. न्हाणीचं पाणी पडवीत कसं येतंय. शामलाबाईंनी मध्ये पडायचा प्रयत्न केला, तर "तुमी गप बसा, तुमाला ट्रंका ओढायची हौस हाय," म्हणून त्यांनाही गप्प केलं.

वनमाला तिथं सहा महिने राहिली आणि लग्न होऊन बार्शीला गेली. शामलाबाई नऊ वर्षं राहिल्या. आधी विधवांचं केंद्र होतं, मग त्या बायांच्या मुलींना शिकवायचा वर्ग झाला. पडवीत गोधडीला गोधडी लावून दोन्हीकडच्या बाया बसत. सगळं गोड झालं असं नाही; कधी पाण्यावरून, कधी जुन्या गोष्टींवरून भांडत, आणि हणमंतप्पा कुंपणापलीकडून दोन्ही बाजूंना शिव्या घाली.

अठ्ठावन्न साली तो रिटायर झाला. हुकूम आला, पंधरा दिवसांत चौकीदाराची खोली खाली करावी. जन्मापासून तो त्याच आवारात होता. गावात त्याची एक वीतही जागा नव्हती. त्यानं कागद दुमडून खिशात ठेवला आणि आठ दिवस घराबाहेर कुणाला सांगितलं नाही. शरणम्मानंच शामलाबाईंना सांगितलं.

"मला का नाही बोललात?" त्या तणतणत आल्या. "माझ्या दोन खोल्या आहेत. एक तुमची."

"सरकारी खोलीत परक्या माणसाला ठिवता येत न्हाय," तो म्हणाला.

शामलाबाईंनी छत्री घेतली आणि त्या भर उन्हात अणदुरात गेल्या. केंद्रात शिकलेल्या मथुराबाईचं गावात दोन खणांचं घर होतं, एक खण रिकामा होता. मथुराबाईनं एका शब्दावर तो दिला. हणमंतप्पानं जाऊन पाहिला. भिंत ओलसर आहे म्हणाला, चूल चुकीच्या तोंडाला आहे म्हणाला, मथुराबाईची शेळी फार ओरडते म्हणाला. शरणम्मानं तोवर भांडी लावायला घेतली होती.

त्या घरात तो सात वर्षं राहिला. शेळीविषयीची तक्रार त्यानं शेवटपर्यंत मागं घेतली नाही.